पगारातले दोनशे रुपये आणि १९७२ चा दुष्काळ

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पहिला पगार हाती आला की हे पैसे कशासाठी कापले, असा प्रश्न पडतो आणि पुढच्या महिन्यापर्यंत विसरलाही जातो. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या मजुरीला हातभार लावावा, यासाठी ही कपात मुळात सुरू झाली. हा थ्रेड त्या व्यवहाराच्या इतिहासाविषयी.

लहरी पावसाशी जुळवून कसे घ्यावे, यावर आज जागतिक परिषदा भरतात. पाऊस हुलकावणी देणारच, हे गृहीत धरून एका राज्य सरकारने कायदा, कर आणि कामांचा आराखडा अशी तिहेरी व्यवस्था उभारली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. त्या व्यवस्थेचे यश मोठे होते. तिच्यात जे राहून गेले, तेही लहान नव्हते.

१९७० पासूनच पाऊस ओढ देत होता. १९७२ मध्ये त्याने पुरती पाठ फिरवली. त्या वर्षी राज्यातील तृणधान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनच्या दुकानांत आला, मुलांच्या हाती सुकडी आली. ज्यांनी ती चव घेतली, त्या पिढीसाठी 'बहात्तर' हा आकडा म्हणजे दुष्काळच; पुढे काही जोडावे लागत नाही.

त्याच काळात आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ होता आणि तिथे माणसे मोठ्या संख्येने दगावली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले आहे की, महाराष्ट्रातील दरडोई धान्योत्पादन तेव्हा साहेलपेक्षाही कमी होते. तरीही येथे भूकबळींची तशी लाट आली नाही, कारण लोकांच्या हातात मजुरी होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे राबत होती. रस्त्याकडेला बसून हातोडीने दगड फोडणाऱ्या स्त्रियांच्या रांगा हे त्या उन्हाळ्याचे सार्वत्रिक दृश्य होते.

ही कामे काढण्याची रीत मात्र जुनी होती आणि तिचा जन्म दयेतून झालेला नव्हता.

१८७६–७८ च्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड इतकी खाली आणली. जगण्यापुरते किती लागते, याचा जणू तो प्रयोगच होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', यांच्या सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. दुष्काळी मजुरांचा संप आणि त्यामागे उभी राहिलेली शहरी मध्यमवर्गीय संस्था, हे चित्र शंभर वर्षांनंतरच्या घडामोडी पाहताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामे कधी काढायची आणि कधी बंद करायची, हे नियमांत बसले. त्यामुळे पुष्कळ जीव वाचले, हे मान्य करावे लागते. पण काम देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. पीक किती आणे आले, याचा अंदाज अधिकाऱ्याने वर कळवायचा आणि मग वरून हुकूम यायचा. भुकेलेल्या माणसाला काम मागण्याचा अधिकार नव्हता.

स्वतंत्र महाराष्ट्राने या संहितेत केलेला एक बदल चमत्कारिक आहे. १९६३ मध्ये राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द वगळण्यासाठी एक कायदाच संमत करण्यात आला आणि त्या जागी 'टंचाई' आली. त्यानंतर महाराष्ट्रात कागदोपत्री दुष्काळ पडणे जवळजवळ बंद झाले. बहात्तर सालीही सरकारी भाषेत जी होती, ती टंचाईच.

खरा बदल तासगाव तालुक्यातून आला. विठ्ठल सखाराम पागे हे स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, संतसाहित्याचे अभ्यासक आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती. त्यांचा मुद्दा साधा होता. ग्रामीण गरिबाकडे विकण्यासारखे एकच आहे, त्याचे श्रम. ते विकत घेण्याची हमी सरकारने द्यावी, बाकीचे तो पाहून घेईल. १९६५ च्या सुमारास त्यांच्या विसापूर गावी या कल्पनेचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये, ती रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर स्वीकारण्यात आली. लगेच दुष्काळाने सगळी यंत्रणा गिळली आणि दुष्काळी कामांचा लोंढा ओसरल्यावर, १९७४ पासून, योजनेने स्वतंत्र आकार घेतला.

'मागेल त्याला काम' हे घोषवाक्य सोपे, त्याचा खर्च मात्र अवघड. येथे व्यवसाय कर येतो. १९७५ च्या कायद्याने राज्यातील पगारदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला. त्याच्या जोडीला मोटार वाहन कर, विक्रीकर आणि जमीन महसूल यांवर अधिभार आले, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली. या सगळ्यांतून जितकी रक्कम जमेल, तितकीच राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. केंद्राच्या मदतीची वाट न पाहता एका राज्याने स्वतःच्या शहरांचा पैसा स्वतःच्या कोरडवाहू गावांकडे वळवला. त्यासाठी मुंबईतल्या कारकुनाला दुष्काळग्रस्ताविषयी कणव वाटण्याची गरज उरली नाही. कपात परस्पर होत होती.

(राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला तेव्हा वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९८८ मध्ये ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. महागाई थांबली नाही.)

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाच्या हक्काचा उल्लेख घटनेच्या ४१व्या अनुच्छेदात पूर्वीपासून आहे, परंतु मार्गदर्शक तत्त्वांत. तो घेऊन न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्याला ग्रामीण भागापुरते कायद्याचे बळ दिले. प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत. देता आले नाही तर बेकारी भत्ता. तो सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता, म्हणजे प्रतीकच. पण काम न देणे ही सरकारची चूक आहे, याची ती कबुली होती.

कागद आणि शिवार यांत अंतर होतेच. पन्नास मजूर जमल्याखेरीज नवे काम निघत नसे. हजेरीपटावर खोटी नावे चढत, मापात मारले जाई, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडे. तरीही १९७९–८० मध्ये सुमारे २० कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले आणि कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. बागायतदाराने देऊ केलेली मजुरी नाकारून बांधावरून उठून जाण्याची सोय त्यांना पहिल्यांदाच झाली होती. शेतमजुरांच्या संघटना 'काम द्या' म्हणून तहसील कचेरीवर मोर्चे नेऊ लागल्या. मदत मागणे वेगळे आणि कायद्याचे कलम दाखवून काम मागणे वेगळे.

मग प्रश्न येतो, कोणते काम?

बहात्तरच्या दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे रस्त्यांच्या कडेला पडून होते. श्रम झाले, मजुरी मिळाली, पुढचा दुष्काळ होता तिथेच राहिला. रोजगार हमीने ही चूक टाळायचा प्रयत्न केला. कामे उत्पादक हवीत, असा दंडक घातला गेला आणि मृद्‌संधारण, नालाबांध, पाझर तलाव यांना अग्रक्रम मिळाला.

पाझर तलाव ही दख्खनच्या भूगोलाला शोभणारी गोष्ट आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टच्या कठीण खडकावर वसलेला आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण उथळ आणि मर्यादित. पावसाळ्यातले मोजके दिवस धो धो पाऊस पडतो आणि पाणी नाल्याने वाहून जाते. नाल्यावर मातीचा बांध घालून ते अडवले की हळूहळू जमिनीत मुरते आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उतरते. कालवा नाही, दरवाजा नाही. गावातल्या माणसांना कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन उभारता येईल असे हे काम आहे.

तलावाखालच्या ज्या विहिरींत हे पाणी उतरे, त्या कोणाच्या होत्या, हा प्रश्न कायद्याने कुठेच विचारला नाही. घमेली वाहिली भूमिहीनांनी आणि अल्पभूधारकांनी. पाणी आले ते विहीर खणण्याची आणि पंप बसवण्याची ऐपत असलेल्याच्या शेतात. आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेला आहे. श्रमाचा हक्क १९७७ च्या कायद्याने ठरला आणि त्या श्रमाने साठवलेल्या पाण्याचा हक्क १८८२ च्याच कायद्यावर राहिला. पुढच्या साऱ्या घोळाचे मूळ येथे आहे.

हा प्रश्न ज्यांना तेव्हाच दिसला, त्यांत विलासराव साळुंखे यांचे नाव आधी घ्यावे लागते. पुण्यातले हे अभियंते-उद्योजक बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले. खडी फोडणारी माणसे पाहून त्यांनी नायगावच्या माळावर पाणलोटाचे काम सुरू केले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. राज्य सरकारने पाणी अडवण्याचे काम पुढे अनेक योजनांतून उचलले. वाटपाचे नियम मात्र उचलले नाहीत. सहकारी साखर कारखाने हा ज्या राजकारणाचा कणा होता, त्याच्याकडून उसावर बंदी येणे अवघडच होते.

तो ऊसच पुढे दुष्काळी टापूत पसरला. १९७२ मध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली होती. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेण्याचे तंत्र त्याच काळात गावोगाव पोचले. काही वर्षांत ते पिण्यापुरते राहिले नाही.

रोजगार हमीचीही चढती कमान टिकली नाही. १९८८ मध्ये मजुरीचे दर शेतीच्या वाढीव किमान वेतनाला जोडले गेले. मजुरांच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण त्यानंतरच्या काळात मनुष्यदिवस झपाट्याने घटले. मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासून निष्कर्ष काढला की, मागणी असूनही काम हात राखून दिले जात होते. हमी असलेला हक्क कायदा न बदलताही पातळ करता येतो, याचे हे बोलके उदाहरण. १९९० मध्ये फळबाग लागवड योजनेला जोडली गेली. तिने कोरडवाहू भागांत आंबा, बोर, डाळिंब नेले आणि पुष्कळ शेतकऱ्यांचे भले केले, पण तीही जमीन असलेल्यांसाठीच होती.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच दाखला समोर होता. राष्ट्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली; महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती.

मधल्या काळात हिवरे बाजारने काय केले, तेही पाहावे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या गावात १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने आदर्श गाव योजनेचा आणि रोजगार हमीच्या पैशाचा वापर करून चर खणले, बांध घातले. असे चर इतर शेकडो गावांतही खणले गेले होते. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन ग्रामसभेत ठराव केले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही; दरवर्षी पावसाचा आणि भूजलाचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. सरकारी योजनेत नसलेला अर्धा भाग गावाने स्वतः लिहून काढला.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. रेशनच्या दुकानात तेव्हा धान्य होते. बहात्तर साली धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते, असे मराठवाड्यातील म्हातारी माणसे त्या उन्हाळ्यात सांगत होती. मिरज ज्या सांगली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पाग्यांचे विसापूर आहे.

त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, 'जलयुक्त शिवार' आले. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने हवामानाला तोंड देऊ शकेल अशा शेतीचा प्रकल्प सुरू झाला, सुरुवातीला १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांसाठी. पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्दही आले. पाणी अडवण्याची तजवीज या राज्याने पुन्हा पुन्हा, नव्या नावांनी आणि वाढत्या खर्चाने केली.

मुरलेल्या पाण्याचे नियमन करू पाहणारा कायदाही आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून, खोल विहिरींवर निर्बंध आहे. मराठवाड्यात बोअरची गाडी त्याहून कित्येक फूट खाली जाते आणि दर फुटामागे पैसे घेते.