उपाशीपोटी की जेवून? गरोदरपणातल्या शुगर टेस्टची गोष्ट

गेल्या महिन्यात ताईसोबत डोंबिवलीत एका लॅबमध्ये बसलो होतो. ताईला सहावा महिना. नाक दाबून ग्लुकोजचं पाणी प्यायली, आता दोन तास थांबायचं. शेजारची बाई टिटवाळ्याहून लोकलनं उपाशीपोटी आलेली, पार गळून गेलेली. ताई कुजबुजली, "मला तर जेवून आलीस तरी चालेल म्हणाले. असं कसं रे?"

शोधायला बसलो आणि थेट 1824 च्या बर्लिनला पोचलो. बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरनं एका गरोदर बाईची नोंद केली: न भागणारी तहान, लघवीत साखर. बाळ खूप मोठं होतं, जन्मतानाच दगावलं. बाळंतपणानंतर साखर मात्र गायब! 1882 मध्ये लंडनच्या डंकननी अशा केसेस एकत्र मांडल्या. त्यात कितीतरी आया आणि बाळं गेलेली. पुढच्याच वर्षी आपल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच. पण तेव्हा या आजारावर इलाज नव्हता. इन्सुलिन आलं 1922 मध्ये.

मग 1964, बॉस्टन. ओसुलिव्हन यांनी 752 गरोदर बायकांची ग्लुकोज टेस्ट करून आकडे ठरवले. गंमत बघा, प्रश्न होता की या आईला पुढे डायबिटीस होईल का? बाळाचं काय, हे नीट मोजलं गेलं थेट 2008 मध्ये, सुमारे 25,000 बायकांच्या अभ्यासात. आईची साखर जसजशी वाढते, तसतसा बाळाचा धोकाही वाढतो. त्या अभ्यासात भारत नव्हता.

आपल्याकडचा प्रश्न चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी विचारला: आज परत पाठवलेली बाई उद्या उपाशीपोटी येईल का? म्हणून त्यांची पद्धत सोपी. जेवण झालेलं असो-नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी एकदाच रक्त. 140 किंवा जास्त आलं, तर डायबिटीस. 2014 मध्ये केंद्र सरकारनं हीच पद्धत घेतली: पहिल्या तपासणीला एकदा, मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. यात काही केसेस निसटतात, असं म्हणणारे डॉक्टर उपाशीपोटीच बोलावतात. म्हणून त्या लॅबमध्ये दोन बायका, दोन नियम.

ताईचा आकडा आला 152. घाबरली, पण आता जेवण सांभाळते, रोज चालते. बाळंतपणानंतर साखर उतरेलही, पण ओसुलिव्हनचा प्रश्न उरतोच. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा टेस्ट. बारशाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते. मी आत्ताच मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय. तुमच्या घरात कोणी असेल, तर तुम्हीही लावा. भेटू पुढच्या एपिसोडला!