लीला पूनावाला फाउंडेशन
पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६७ मध्ये यांत्रिकी अभियंता झालेल्या व पुढे अल्फा लावल इंडियाच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या पद्मश्री लीला पूनावाला यांनी १९९५ मध्ये ही संस्था पुण्यात स्थापन केली. गरीब कुटुंबांतील गुणवंत मुलींना अभियांत्रिकीसारख्या शिक्षणासाठी ती शिष्यवृत्ती देते. शुल्काची सोय झाली तरी मुलाखतीला कसे सामोरे जावे, कोणती नोकरी स्वीकारावी, हे सांगणारे अशा घरांत बहुधा कोणी नसते. ही उणीव कंपन्यांतील स्वयंसेवक मार्गदर्शक भरून काढतात. कंपनी कायदा, २०१३ अन्वये निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. कर्मचाऱ्यांच्या वेळेची मात्र सक्ती नाही. तो स्वेच्छेनेच द्यावा लागतो.