काळी माती, पांढरं मीठ



मागच्या काही भागांत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले. आजच्या भागात राजा नाही, सेनापती नाही. आजचा विषय आहे माती. "कर्नलसाहेब, इतिहास सोडून हे काय काढलंत?" असं कुणी म्हणेल. पण पायदळातल्या माणसाइतकी माती कुणी पाहिली असेल, तर ती फक्त शेतकऱ्याने. आम्ही नोकरीभर तीच खणत आलो. मोर्चा खणताना माती कशी आहे, हे नकाशा सांगत नाही, फावडं सांगतं.

तरुणपणी महूला एका कोर्सला होतो. माळव्याची काळी जमीन. मे महिन्यात तिला अशा भेगा पडलेल्या, की हात कोपरापर्यंत आत जाई. कुदळ मारली की ठणका मनगटात. पावसाळ्यात त्याच जागी बूट घोट्यापर्यंत रुतत, पाय उचलला की प्रत्येक बुटाला दोन-दोन किलो चिखल. आखीव खणलेल्या मोर्च्याची भिंत एका रात्रीत आत ढासळली. आमचे सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे, शेतकरी घरातले. ते म्हणाले, "साहेब, ही भारी जमीन. हिला वाफसा आल्याशिवाय हात लावू नये." वाफसा म्हणजे ना ओली ना सुकी, अशी कामाजोगी अवस्था. मराठीतल्या या एका शब्दात मातीचं अर्धं शास्त्र आहे.

ही माती आली कुठून?

इंदूर, नागपूर, सोलापूर, गुलबर्गा, राजकोट, यांपैकी कुठेही तुम्ही राहत असाल, तर तुमच्या आसपास ही काळी जमीन आहे. तेलुगूत तिला रेगडी म्हणतात. इंग्रजांनी त्याचं रेगूर केलं आणि पुढे 'कापसाची काळी जमीन' हे नाव रूढ झालं.

ही माती आली कुठून, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. त्या वादात एक फौजी होता म्हणून मला त्यात विशेष रस. कॅप्टन थॉमस न्यूबोल्ड, मद्रास फौजेतला अधिकारी. नोकरी सांभाळून त्याने दक्षिण भारताचा भूगर्भ पायाखाली घातला. काळी माती हा पाण्याखाली साचलेला गाळ असावा, असं त्याचं मत. सर्वेक्षण खात्याबरोबर फिरणारा डॉक्टर वॉयसी याचं मत वेगळं होतं. त्याच्या मते ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज. न्यूबोल्ड 1850 साली महाबळेश्वरला वारला. वाद त्याच्या मागेही चालू राहिला, कारण दोन्ही बाजूंना पुरावे होते. काळा पाषाण नाही अशा बेल्लारीकडच्या आणि तमिळ मुलखातल्या काही भागांतही काळी माती सापडते.

आज आपल्याला बरंच स्पष्ट दिसतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. या बेसाल्ट खडकाला ऊन, पाऊस आणि हवा लागली की त्यातली खनिजं कुजतात. आधी खडक भुसभुशीत होतो. तो आपला मुरूम. मग मुरुमाची माती होते. उतारावर ती टिकत नाही, वाहून खाली जाते. म्हणून माळावर वीतभर हलकी बरड जमीन आणि नदीकाठी दोन-दोन पुरुष खोल काळी. म्हणजे न्यूबोल्डही अगदीच चुकला नव्हता. खोऱ्यातली बरीचशी काळी माती पाण्यानेच आणून टाकलेली आहे.

आता एक कोडं. महाबळेश्वरचा खडकही बेसाल्ट आणि बारामतीचाही. मग एकीकडे तांबडा जांभा आणि दुसरीकडे काळी कसदार जमीन, असं का? उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरला पाऊस इतका, की चुना, सोडियम, पोटॅशियम सगळं धुऊन गेलं. उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. बारामती पर्जन्यछायेत. तिथे ही द्रव्यं मातीतच राहिली आणि फुगणारी बारीक चिकणमाती तयार झाली.

खडक तोच, पण हवामान बदललं की माती बदलते, हा विचार शास्त्र म्हणून मांडला रशियातल्या वासिली दोकुचायेव याने. 1870 च्या दशकात रशियाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात दुष्काळ पडले, तेव्हा त्या जमिनीचा अभ्यास त्याच्याकडे आला. 1883 साली त्याचा ग्रंथ निघाला. माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नाही. खडक, हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा चढउतार आणि काळ, या पाचांची ती निर्मिती आहे, असं त्याने दाखवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1881 साली, चार्ल्स डार्विनने शेवटचं पुस्तक लिहिलं, ते गांडुळांवर. खालची माती वर आणून टाकण्याचं काम हा प्राणी किती करतो, हे त्याने वर्षानुवर्षं मोजलं होतं.

या पाचांत शेवटचा, काळ, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. घालवायला एक जोराचा पावसाळा पुरतो.

मातीचा स्वभाव

काळ्या मातीचा रंग बघून लोकांना वाटतं, तिच्यात सेंद्रिय अंश फार असेल. तसं नाही. बहुतेक ठिकाणी तो 1 टक्क्याच्याही खाली असतो. आहे तो चिकणमातीला घट्ट चिकटलेला. तिचं खरं बळ त्या चिकणमातीत. तिचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे. पाणी मिळालं की पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. वाळली की आक्रसते, भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पुढच्या पावसात सगळं पुन्हा फुगून वरखाली होतं. म्हणून लोक म्हणतात, ही जमीन स्वतःलाच नांगरते. पावसाळ्यात साठवलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, ती याच गुणामुळे. आणि याच गुणामुळे तिच्यावर बांधलेल्या घरांना तडे जातात, रस्ते खचतात.

पण एक दोष आहे. ही माती भिजली की तिच्यातून पाणी खाली झिरपत नाही. हा दोष ध्यानात ठेवा, पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

आजोळची तीन एकरं

माझं आजोळ नीरा डाव्या कालव्याखाली. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. दुष्काळ सरला आणि मामांनी ठरवलं, आता ऊसच. कालव्याचं पाणी होतं, उसाला भाव होता. सुट्टीत गेलो की रात्रीची दारं धरायला मीही जाई, कंदील घेऊन. मामा म्हणत, "सोड रे भरपूर. पाण्याला कशाला कंजुषी?" मी सोडत असे.

काही वर्षांत खालच्या अंगाच्या तीन एकरांत ऊस पिवळा पडू लागला. मग उगवेनासा झाला. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली दिसायची. पावसात चालावं तर साबणावरून चालल्यासारखं. आजी म्हणायची, "कुणाची तरी नजर लागली." मामांनी आणखी खत घातलं, आणखी पाणी दिलं. शेवटी ते तुकडे तसेच पडले. त्यात वेड्या बाभळी उगवल्या. मामा त्या विषयावर बोलत नसत. अकॅडमीत निवड होऊन मी गेलो आणि विसरलो.

आठवण झाली ती नव्वदच्या दशकात, राजस्थानात सुरतगडच्या बाजूला असताना. चहूकडे वाळवंट आणि मधेच पाण्याची डबकी, वाळलेली झाडं, कडेला पांढरा थर. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साब, सेम आ गई." कालवा आला, पाणी आलं आणि काही वर्षांनी खालचं पाणी वर आलं. त्याचा सेम आणि आमच्याकडची चिबड जमीन एकच, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग मी वाचायला लागलो.

घडतं ते असं. खडक झिजतो तेव्हा क्षार सुटतात. कोरड्या मुलखात पाऊस कमी, ते धुऊन जात नाहीत, खालीच राहतात. कालव्याचं पाणी बेसुमार दिलं आणि निचरा नसला, की भूजलाची पातळी चढते. ती पृष्ठभागाजवळ आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावं, तसं पाणी मातीतून वर चढतं. ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे ठेवतं. पुढे सोडियम चिकणमातीवर बसतं, मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. तिला आपण चोपण म्हणतो.

मला धक्का बसला तो पुढचं वाचून. नीरा कालवा 1885 सालचा. आणि 1910 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका प्रसिद्ध केली होती. म्हणजे रोग काय, तो कशाने होतो, हे मामांनी ऊस लावण्याच्या साठ वर्षं आधी, त्याच खोऱ्यात शोधून झालं होतं! विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते, तेव्हा त्यांनी याच कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली. उसासारखं बारमाही पीक ठरावीक भागापुरतं, बाकी जमिनीला हंगामी पाणी, म्हणजे पाणी अधिक गावांना पुरेल आणि जमीनही वाचेल. शहाणपण होतं, छापलेलंही होतं. पण मामांच्या बांधापर्यंत ते कुणी आणलं नाही. पाणीपट्टीची पावती मात्र दरवर्षी येत होती.

जुनीच चूक

ही चूक आपलीच आहे, असंही नाही. पहिल्या महायुद्धात सहाव्या पूना डिव्हिजनमधून मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडलं. आपले जवान ज्या चिखलात आणि पुराच्या पाण्यात खंदक राखत होते, त्या भूमीवर चार-पाच हजार वर्षांपूर्वी सुमेरचे लोक कालवे काढून गहू पिकवत. जेकबसेन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी 1958 साली मांडलं, की दक्षिण मेसोपोटेमियात जमिनी खारावत गेल्या, तसा गहू मागे पडला आणि मीठ सोसणारा जव वाढला. तपशिलावर पुढे वाद झाले. पण सिंचन आहे आणि निचरा नाही, तिथे मीठ वर येतं, यावर वाद नाही.

आपल्या देशाला जाग आली नाही असं नाही. 1969 साली कर्नालला क्षारयुक्त मातीच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. जिप्सम घालून सोडियम हटवायचं, चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाणी बाहेर काढायचं, क्षार सोसणारी वाणं लावायची, हे उपाय तिथे आणि इतरत्र सिद्ध झाले. पण शेजाऱ्याने चर काढला नाही, तर तुमचं पाणी जायचं कुठे? हे एकट्याचं काम नव्हे, गावाचं आहे.

माती फक्त धान्य देते असंही समजू नका. पावसाचं पाणी साठवते, गाळते, विहिरीला पोचवते. हवेत आणि साऱ्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त मातीत आहे. माती उघडी पडली, जळाली, वाहून गेली, की त्यातला काही हवेत जातो. 1889 साली सरकारने बोलावलेला इंग्रज रसायनतज्ज्ञ व्होल्कर देशभर फिरला. इथला शेतकरी अडाणी नाही, हे त्याने अहवालात स्पष्ट लिहिलं. सरपण नाही म्हणून शेण जळतं आणि जमीन उपाशी राहते, हेही त्याने सांगितलं. सव्वाशे वर्षांनंतरही आपण पाचट आणि धसकटं जाळतोच आहोत.

मामा आता नाहीत. गेल्या दिवाळीत मामेभावाचा फोन आला, "दादा, ती तीन एकरं वीटभट्टीवाला मागतोय. फूटभर माती उचलणार, पैसे रोख. देऊन टाकू?" मी म्हटलं, "आधी वरच्या पाच शेतकऱ्यांना घेऊन बस. चर ओढ्यापर्यंत नेता येतो का बघ. खर्चाचा निम्मा वाटा माझा." तो म्हणाला, "तुला काय एवढी पडलीय त्या नापिकाची?" त्याला काय सांगणार? रात्री दारं मी धरली होती.

चर खणून झाला आहे. वर्षभर पाणी निघू द्यायचं, मग जिप्सम, मग ताग. पीक येईल की नाही, ते दोन-तीन वर्षांत कळेल. वीटभट्टीला नकार कळवला आहे.

तुमच्या गावाकडे अशी पडलेली जमीन असेल, तर एकदा जाऊन बघा. हात-दोन हात खणा. पाणी कुठे लागतं ते पाहा आणि मातीचा नमुना तपासायला द्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!