मुंबईच्या मामंजींची तिथी

आमच्या छापील कुलवृत्तांतात पणजोबांच्या थोरल्या भावाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. अविवाहित, मुंबईस गेले, पुढे माहिती नाही.

माहिती होती. श्रावण वद्य षष्ठीला, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी, आमच्या कोकणातल्या घरी दरवर्षी श्राद्ध व्हायचं. आजी त्याला ‘मुंबईच्या मामंजींची तिथी’ म्हणायची. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग. हे मामंजी कोण, असं विचारलं की ती एवढंच सांगायची, सासऱ्यांनी बजावून ठेवलंय, हे पान चुकवायचं नाही. ज्याचा ठावठिकाणा घराला माहीत नाही, त्याची तिथी घराला कशी ठाऊक? हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

उत्तर पणजोबांच्या तिथींच्या वहीत होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची बाडासारखी वही, आणि तिच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत खुपसलेली दोन पोस्टकार्डं. पाव आण्याची, कोपऱ्यात राणीचं डोकं छापलेली, मजकूर सगळा मोडीत. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ती मला अक्षर लावून वाचून दाखवली. पहिलं कार्ड शके १८१४ च्या कार्तिकातलं, म्हणजे १८९२ चं. लिहिणारा गिरगावात राहणारा आमचा गाववाला. तुमचे बंधू खाणावळीत आचारी होते, हाताची बोटं वाकली, अंगावर चट्टे उठले, मालकाने काढून टाकलं, काही महिने भायखळ्याच्या धर्मशाळेत होते, आता सरकारने माटुंग्याला रक्तपितीवाल्यांसाठी जागा केली आहे तिथे नेलं आहे, दोन वेळचं जेवण मिळतं, काळजी नसावी. दुसऱ्या कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नाही. ते न वाचताच कळलं. शके १८१६, श्रावण वद्य षष्ठी.

दुखवट्याचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. पणजोबांनी ते फाडलं नाही. धर्माने वागणाऱ्या त्या माणसाने ही एक रीत मोडली, आणि म्हणूनच आज मला हे लिहिता येतं आहे.

माटुंग्याची ती जागा म्हणजे १८९० साली उघडलेला निराधार महारोग्यांचा आश्रम. तो उभा केला मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी, म्हणून पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. मराठी वाचकाला हे नाव दुसरीकडून ओळखीचं असतं. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे ॲक्वर्थ ते हेच. १८९४ मध्ये त्यांनी त्यांतल्या काही पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरं लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आमचे आचारी आजोबा त्यांच्या आश्रमात वारले.

त्याआधी मुंबईतल्या महारोग्यांना देवळांच्या पायऱ्या, रस्ते, नाहीतर भायखळ्याची जमशेटजी जिजीभॉय धर्मशाळा एवढाच आसरा होता. जे.जे.तले डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी या रोगाचा इथे बारकाईने अभ्यास केला. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रं याच कार्टरांची. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला. त्याच वर्षी कार्टर तिथे जाऊन आले आणि रोग्यांना वेगळं ठेवावं, असा आग्रह धरू लागले. पण १८८९ मध्ये मोलोकाई बेटावर महारोग्यांची सेवा करता करता फादर डेमियन त्याच रोगाने गेले, तेव्हा कुठे साम्राज्यात खरी घबराट उडाली. वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि ॲक्वर्थनी रस्त्यावरचे रोगी हलवायला घेतले. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात, धोकादायक रोग झालेल्या आणि राहण्याची नीट सोय नसलेल्या माणसाला इस्पितळात नेण्याचा अधिकार होता. तो देवी-पटकीसारख्या साथींसाठी असावा असं कायदा वाचून कोणालाही वाटेल. तो लावला गेला आयुष्यभराच्या दुखण्याला. साथीचा रोगी बरा होऊन घरी येतो, माटुंग्याला गेलेल्याची घरी यायची वाटच बंद होती. तेव्हा औषध म्हणून कडू कवठीसारखी तेलं चोळत आणि पोटात देत, त्याने गुण यायचा तो थोडा.

तरी मी ॲक्वर्थना दोष देत नाही. खाणावळीने बाहेर काढलेल्या, बोटं गेलेल्या आचाऱ्याला जेवण आणि छप्पर देणारी ती जागा होती. गाववाल्याच्या कार्डात तक्रारीचा एक शब्द नाही. आश्रमाची शेती होती. तिथल्या मैल्याच्या टाक्यांतला वायू १८९७ च्या सुमारास साठवून कामाला लावला गेला, म्हणून गोबरगॅसच्या इतिहासातही माटुंग्याचा उल्लेख येतो. पुष्कळ पुस्तकांत त्याचं साल १८५९ छापलेलं असतं, ते चूक आहे. तेव्हा तो आश्रमच नव्हता.

माझा राग आहे तो त्या ‘माहिती नाही’वर, आणि तोही पूर्ण नाही. पणजोबांच्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. महारोग रक्तातून उतरतो, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. घराण्यात रक्तपिती आहे असं कळतं, तर त्या मुलींना उंबऱ्याशी कोणी उभं केलं नसतं. खरं तर त्याच वेळी सरकारी महारोग आयोग हिंदुस्थानभर फिरून आला होता. हा रोग आनुवंशिक नाही आणि संसर्गाने फैलावण्याचं त्याचं प्रमाणही अल्प आहे, असं त्याने म्हटलं. अहवाल १८९३ मध्ये छापला, म्हणजे आजोबा जिवंत असताना. आमच्या गावापर्यंत तो कोण पोचवणार? पोचला कायदा. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने निराधार रोग्यांना डांबण्याची सोय केली, आणि जिथे तो लागू केला तिथे रोग्याला खाण्याचे पदार्थ विक्रीसाठी करायला आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला बंदी आली. आजोबांना त्याच्या आधीच चुलीपासून उठवलं होतं.

तेव्हा पणजोबांनी एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. लोकांना सांगितलं, थोरला मुंबईत हरवला. आणि घरात सुनेला सांगितलं, षष्ठीचं पान चुकवायचं नाही. पुढे कुलवृत्तांतासाठी माहिती गोळा करणाऱ्यांना लोकांत होती तीच गोष्ट मिळाली. स्वयंपाकघरातली कोणी विचारली नाही, कारण तिथे बायका होत्या.

तोच आश्रम आज ॲक्वर्थ रुग्णालय म्हणून वडाळ्याला आहे, महापालिका ते चालवते, आणि तिथे या रोगाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालयही आहे. रोग आता सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. म्हणून ही गोष्ट जुनी झाली असं मला वाटत नाही.

कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीसाठी मी मंडळाला दुरुस्ती पाठवली आहे: मुंबईत खाणावळीत आचारी, शके १८१६ श्रावण वद्य षष्ठीस माटुंग्याच्या महारोगी आश्रमात निधन, श्राद्ध धाकट्या भावाच्या घरी चालू. तुमच्याही घराण्याच्या पुस्तकात कोणी ‘परागंदा’ किंवा ‘पुढे माहिती नाही’ असेल. माळ्यावरचं मोडीचं बाड नदीत सोडण्याआधी ते एकदा जाणत्याकडून वाचून घ्या, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आपल्याकडे कोणाकोणाची पानं वाढली जात होती.