कृपेने तारण

कृपेने तारण : पापापासून व मरणापासून माणसाची सुटका त्याच्या पुण्याईने होत नाही; ती देवाने फुकट दिलेली देणगी आहे, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. तारण देतो देव, ते घडते येशू ख्रिस्ताच्या मरणातून व पुनरुत्थानातून, आणि माणूस ते विश्वासाने स्वीकारतो. जगातील बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांना एवढे मान्य आहे. मतभेद सुरू होतात ते स्वीकारणे म्हणजे नेमके काय, आणि स्वीकारल्यानंतर माणसाच्या कर्मांना कोणती जागा उरते, या दोन प्रश्नांवर. दुसऱ्या प्रश्नाची विसाव्या शतकातील एक महत्त्वाची चर्चा वर्धा जिल्ह्याशी जोडलेली आहे. प्रस्तुत नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

शास्त्राधार : या श्रद्धेची सर्वांत स्पष्ट मांडणी नव्या करारातील पौलाच्या पत्रांत आढळते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की, तारण कृपेने व विश्वासाच्या द्वारे होते, ते कर्मांचे फळ नाही आणि म्हणून कोणालाही बढाई मारायला जागा नाही. मात्र लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो की, सत्कृत्ये करण्यासाठीच माणसाची ही नवी घडण झाली आहे. पहिले वाचून दुसरे सोडून देण्याची सवय अनेक उपदेशकांना आहे आणि बहुतेक गैरसमज तेथूनच निघतात. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत हाच विचार मोशेच्या नियमशास्त्राच्या संदर्भात विस्ताराने आला आहे.

येशूच्या दाखल्यांत सिद्धान्ताची परिभाषा नाही, पण गाभा तोच आहे. उधळ्या मुलाची क्षमायाचना पुरी होण्याआधीच बाप त्याला अंगरखा व अंगठी आणायला सांगतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाचा रोज देतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या कापूस वेचणाऱ्या बाईला हा दाखला दुसऱ्या कोणी समजावून द्यायला नको. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. काट्यावर जेवढे भरेल तेवढेच पैसे. त्या हिशेबाने पाहिले तर दाखल्यातला मालक अन्यायी ठरतो आणि सकाळपासून राबलेल्या मजुरांची कुरकुर रास्त वाटते. येशूला तोच हिशेब मोडायचा आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला सत्कृत्यांसाठी वेळच उरला नव्हता. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळते.

पाप आणि सुटका : ख्रिस्ती विचारात पाप ही चुकांची यादी नाही. देवाशी असलेले नाते तुटणे आणि मनाचा कल स्वतःकडेच वळणे, ही ती अवस्था होय. सुटे अपराध हे तिचे परिणाम असतात. माणूस या अवस्थेतून स्वतःच्या जोरावर बाहेर येऊ शकत नाही, कारण बाहेर येण्याची इच्छाही त्याच अवस्थेने डागाळलेली असते. येथे पुनर्जन्माची कल्पना नाही, त्यामुळे अनेक जन्मांत कर्म फेडण्याची सोयही नाही. देव स्वतः माणूस होऊन ते ओझे उचलतो, आणि हे एकदाच, इतिहासातील एका ठरावीक काळी, पंतय पिलात रोमी सुभेदार असताना यरुशलेमात घडले, असे ख्रिस्ती मानतात. भक्तिसंप्रदायातील कृपेशी या श्रद्धेचे साम्य मोठे आहे, पण कृपा एका ऐतिहासिक घटनेला कायमची बांधलेली असणे हे तिचे वेगळेपण आहे.

स्वीकारणे याचा अर्थ येथे रिकामा हात पुढे करणे असा आहे. पश्चात्ताप, विश्वास, बाप्तिस्मा व प्रभुभोजन ही त्याची दृश्य अंगे. पश्चात्तापाच्या मोबदल्यात क्षमा विकत मिळते, असे कोणताही जबाबदार ख्रिस्ती शिक्षक सांगत नाही. क्षमा आधीच देऊ केलेली असते आणि पश्चात्ताप म्हणजे तिच्याकडे तोंड फिरवणे.

वादाचा इतिहास : पाचव्या शतकात पेलाजियस या तपस्व्याने, माणूस इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे शिकवले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ च्या कार्थेज धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट पक्षाने, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, हा सिद्धान्त केंद्रस्थानी आणला. त्याला उत्तर म्हणून रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेने १५४७ मध्ये आपला ठराव केला. कॅथलिक पंथ कर्माने तारण मानतो, अशी समजूत मराठी प्रॉटेस्टंटांत आजही ऐकू येते. ती चुकीची आहे. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो, या मताचा ट्रेंटच्या त्या ठरावातील पहिलाच नियम निषेध करतो. कॅथलिकांचे म्हणणे एवढेच की, कृपा माणसाला आतून बदलते आणि त्या बदलात माणूस सहकार्य करतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक संघ व व्हॅटिकन यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये व रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या.

मराठी मुलखात : फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ने आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा ओवीत आणली. विदर्भात हा विचार मुख्यतः स्कॉटिश वाटेने आला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या मंडळीचा सिद्धान्तग्रंथ १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा हा होता. त्याच्या अकराव्या प्रकरणात, विश्वास हेच नीतिमान ठरण्याचे एकमेव साधन असल्याचे सांगून, असा विश्वास कधी एकटा नसतो, तो प्रीतीने कार्य करतो, अशी जोड दिलेली आहे. पुढे १९७० साली नागपुरातच उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यामुळे स्कॉटिश परंपरेचा हा वारसा अँग्लिकन, मेथडिस्ट व बॅप्टिस्ट वारशांत मिसळला.

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) अनुभव या विषयावर मराठी माणसाने दिलेली सर्वांत मौलिक साक्ष होय. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पण १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१ च्या सुमारास, आपण पापी आहोत आणि आपल्या हातून काहीही न होता क्षमा मिळालेली आहे, याची खूण त्यांना पटली. संस्कृत पंडितेची ही कबुली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. विद्वत्ता, व्रते, तीर्थयात्रा हे सारे लहानपणापासून त्यांच्या वाट्याला आले होते. ज्या अनुभवाने त्यांना कर्माचा भरवसा सोडायला लावला, त्यानेच त्यांना कामाला जुंपले: १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. कृपेवर विश्वास ठेवणारा माणूस आळशी होतो, या आक्षेपाला केडगावइतके ठाम उत्तर दुसरे नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट निराळी होती. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे वैदिक वाङ्मयाच्या कामावर असलेल्या टिळकांना पुढे राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. वारकऱ्याची आर्त वाट पाहणे आणि ख्रिस्ती माणसाची कृतज्ञता या दोन्ही त्यांच्या अभंगांत एकजीव झालेल्या आहेत.

वर्धा व सेवाग्राम : ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले, १९४० पासून त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. कृपेने तारण या सिद्धान्ताशी गांधींचा वाद मात्र त्याहून खूप जुना होता. ‘सत्याचे प्रयोग’च्या दुसऱ्या भागात त्यांनी तो नोंदवला आहे. १८९३ मध्ये प्रिटोरियात प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना सांगितले की, पाप टळणे नाही, म्हणून त्याचे ओझे येशूवर टाकून मोकळे व्हावे. गांधींचे उत्तर असे की, मला पापाच्या परिणामापासून सुटका नको, पापापासूनच, किंबहुना पापाच्या विचारापासून सुटका हवी. तो गृहस्थ पुढे जाणूनबुजून गैरवर्तन करी आणि निश्चिंत राही, असेही गांधींनी लिहिले आहे. सगळे ख्रिस्ती असे नसतात, हे आपल्याला इतर ख्रिस्ती मित्रांच्या देवभीरू वागण्यामुळे ठाऊक होते, अशी प्रांजळ पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

हाच प्रश्न ते वर्ध्याला घेऊन आले. अमेरिकन ख्रिस्ती नेते जॉन मॉट १९३६ व १९३८ साली त्यांना शेगावात भेटले, तेव्हा धर्मांतर व मिशनकार्य यांवर लांब चर्चा झाली. येशू हाच एकमेव देवपुत्र, हे गांधींनी कधीच मान्य केले नाही. तरी १९४२ च्या जूनमध्ये सेवाग्रामला राहून गेलेल्या लुई फिशर या पत्रकाराला त्यांच्या कुटीत भिंतीवर येशूचे एकच चित्र दिसले. तोच आपली शांती आहे, अशा अर्थाचे शब्द त्या चित्रावर होते. हे शब्द इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या वचनाचे आहेत. कृपेने तारण सांगणारे वचन त्याच्या सहाच वचने आधी येते.

वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे तमिळ ख्रिस्ती. १९४५ मध्ये निघालेल्या येशूच्या आचरणावरील व उपदेशावरील पुस्तकात त्यांनी मतप्रणालीपेक्षा आचरणावर भर दिला. पवनारच्या विनोबांनी नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. वर्ध्याच्या या मंडळींचा कल एकूण आचरणाकडे होता. त्यांच्या लेखनात क्षमा पावलेल्या माणसाचा आनंद रमाबाईंइतका प्रकट होत नाही, ही त्याची उणीव म्हणावी लागेल.

गांधींचा आक्षेप ख्रिस्ती धर्माच्या बाहेरचा नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहायचे काय, असा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर जोरदार नकारात दिले. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाच्या पत्राचे म्हणणेही त्याच रोखाचे. जर्मन पाळक डिट्रिख बोनहोफर (१९०६–४५) यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात, पश्चात्तापावाचून क्षमा वाटणाऱ्या ‘स्वस्त कृपे’ला मंडळीचा प्राणघातक शत्रू म्हटले. गांधींच्या सहवासात राहून शिकण्याची बोनहोफरांची इच्छा होती आणि १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने गांधींनी त्यांना बोलावलेही होते. वर्धा हे गांधींचे कार्यक्षेत्र बनत होते तो हाच काळ. मात्र बोनहोफर १९३५ मध्ये जर्मनीत छुप्या धर्मशिक्षणाच्या कामाला लागले आणि ही भेट झालीच नाही. नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिले. ते वर्ध्याला आले असते तर स्वस्त कृपेविरुद्ध दोघांचे एकमत झाले असते, यात शंका नाही. उरला असता तो खरा मतभेद : गांधींच्या लेखी पापापासूनची सुटका ही जन्मभराच्या साधनेची वाट होती, बोनहोफरांच्या लेखी ती आधी मिळते आणि साधना तिच्यामागून चालते.

हा मतभेद खोटा ठरवण्याचे कारण नाही आणि तो मिटवण्याची घाईही नको. अभ्यासकाने ‘सत्याचे प्रयोग’मधील प्रिटोरियाचे प्रकरण रोमकरांस पत्राच्या सहाव्या व याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावे. ख्रिस्ती वाचकाने तर ते प्रकरण मुळीच टाळू नये.