दारू सादळली तर?

मंडळी, पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ ओल धरतं. सिगारच्या नव्या पेटीतला आर्द्रतामापक आजही ओल्या मिठानेच तपासतात.

शिरगावच्या समुद्रालगतच्या किल्ल्यात मात्र काळजी दारूची. (ती नव्हे, तोफेची!) सोरा, गंधक, कोळसा. शुद्ध सोरा नव्वद टक्क्यांपर्यंत टिकतो, पण त्यात साधं मीठ राहिलं तर दारू लवकर सादळते, तोफ गप्प. म्हणून सोरा पाण्यात उकळून थंड करायचा. सोऱ्याचे खडे बनतात, मीठ पाण्यातच राहतं.

मराठ्यांनी शिरगाव पोर्तुगीजांकडून घेतलं 1739 च्या जानेवारीत, कोरड्या हवेत. वसईही मे महिन्यात, पावसाच्या आधी.