समुद्राची वाट बंद झाली, गाव लांब गेलं

रत्नागिरीजवळचा मिरजोळ्याचा विमानतळ आणि सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही अंतर नाही. लहान विमानाला हवेत वीस मिनिटं पुरतील. आमच्या किनाऱ्यावरच्या बुरोंडी गावाहून मिरजोळं त्याहूनही जवळ, सरळ मोजलं तर ऐंशीएक किलोमीटर. पण किनाऱ्यानं जायचं तर दाभोळला वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीनं ओलांडायची आणि तवसाळला शास्त्रीची. फेरी नसेल तर खेड-चिपळूणचा वळसा. म्हणून आमची पोरं म्हणतात, आपलं गाव आडबाजूला. मला ते पटत नाही.

शेजारचं दाभोळ घ्या. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या वाटेला लागला, तो दाभोळला जहाजात चढून होर्मुझकडे. घोड्यांचा व्यापार या बंदरात चाले. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीजांच्या आल्मेइदानं दाभोळ जाळलं, तेही त्याचं महत्त्व जाणूनच. तेव्हा इथून इराणचं आखात ओळखीचं होतं.

आगबोटींच्या काळातही वाट समुद्राचीच होती. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी घेत थेट पणजीपर्यंत जाई. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. माझे वडील तिथं उतारूंना बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावावर खलाशी होते. पडाव बोटीला भिडला की लाटेबरोबर हातभर वर जाई आणि तितकाच खाली बसे. वडील उतारूचं मनगट धरून थांबत. लाट वर आली की ओरडत, "आता! टाक पाय!" आधी तान्ही पोरं हातोहात वर जात, मग बायाबापड्या, मग ट्रंका आणि वळकट्या, शेवटी आंब्याच्या पेट्या. चाकरमानी रात्रभर डेकवर पथारी टाकून झोपे.

पावसाळ्यात ही वाट बंद होई, आणि लांब म्हणजे काय ते तेव्हा कळे. 1875 मध्ये जवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले, शंभरावर मैल. वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. समुद्रही निर्धोक नव्हताच. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली.

पुढे एसटी आली, घाटरस्ते सुधारले आणि आगबोटी बंद पडल्या. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती खेडवरून, डोंगरापलीकडून गेली. 2021 मध्ये चिपीला प्रवासी विमान उतरलं, तेही रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक नव्या सोयीनं कुणाला तरी मुंबई जवळ केली. आमच्या किनाऱ्याची मात्र जुनी वाट गेली आणि तिच्या तोलाची नवी मिळाली नाही.

विमानतळ व्हावेत, मला त्यांचा आनंदच आहे. पण बुरोंडीच्या माणसाला आधी हर्णै-दाभोळला उतारूंची बोट हवी. इथून मुंबई सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आत आहे, आणि ती रेषा किनाऱ्यालगतच जाते. ज्या गावानं समुद्राकडे तोंड करून शतकं काढली, त्याला डोंगराकडून मोजून आडगाव ठरवणं हा अन्याय आहे.